वायफाय चालू आहे, पासवर्ड मात्र कुणालाच आठवत नाही

नवा टीव्ही येतो, सीसीटीव्ही बसवायला माणूस येतो, गावाहून भाचरं येतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच: वायफायचा पासवर्ड काय? राउटर बसवून दोन-तीन वर्षं झालेली असतात. घरातले फोन दारातून आत येताच आपोआप जोडले जातात, त्यामुळे पासवर्ड टाइप करायची वेळच कुणावर आलेली नसते. ज्या कागदावर तो लिहिला होता तो रद्दीत गेलेला असतो.

फोन आपोआप जोडला जातो याचाच अर्थ पासवर्ड त्या फोनमध्ये जसाच्या तसा साठवलेला आहे. तो बाहेर काढायला बहुतेक वेळा मिनिटभर पुरतं. अडचण होते ती घाईघाईत केलेल्या भलत्याच उपायांनी, म्हणून काय करायचं नाही ते आधी.

जोडलेल्या फोनवर ‘फर्गेट नेटवर्क’ म्हणजे ‘नेटवर्क विसरा’ हे बटण दाबू नका. ते दाबलं की साठवलेला पासवर्ड पुसला जातो. आयफोनवर आयक्लाउड कीचेन (पासवर्ड सगळ्या उपकरणांत सारखे ठेवणारी सोय) चालू असेल तर त्याच अ‍ॅपल खात्यावरच्या आयपॅड आणि मॅकमधूनही तो जातो. फोनमधलं ‘रीसेट नेटवर्क सेटिंग्ज’ किंवा ‘वायफाय, मोबाइल आणि ब्लूटूथ रीसेट करा’ हाही तसलाच प्रकार. त्यात एक नाही, सगळीच नेटवर्क पुसली जातात. आणि राउटरच्या मागे जे बारीक भोक असतं त्यात टाचणी घालायचा मोह आवरा. त्याने काय काय जातं ते शेवटी येईलच.

घरात दोन फोन जोडलेले असतील तर प्रयोग एकावरच करा. दुसऱ्याला हात लावू नका.

अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचा फोन

२०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून साठवलेलं वायफाय क्यूआर कोडने दुसऱ्याला देण्याची सोय फोनमध्येच आहे. तुमच्या फोनवर कोणती आवृत्ती आहे ते सेटिंग्जमध्ये तळाशी ‘अबाउट फोन’ किंवा ‘फोनविषयी’मध्ये दिसेल.

पिक्सेल आणि ज्यांची सेटिंग्ज गूगलच्या मूळ मांडणीच्या जवळची आहेत अशा फोनवर रस्ता असा: सेटिंग्ज, मग नेटवर्क आणि इंटरनेट, मग इंटरनेट. जोडलेल्या नेटवर्कच्या नावापुढे चक्राचं चिन्ह असतं, ते दाबा. पुढच्या पानावर ‘शेअर करा’ हे बटण आहे. ते दाबल्यावर फोन फिंगरप्रिंट किंवा पिन मागतो आणि मग क्यूआर कोड दाखवतो. त्या कोडच्या खाली बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं तोच पासवर्ड. कित्येक जण कोडकडेच बघत बसतात आणि खालच्या ओळीकडे लक्षच जात नाही.

याच फोनवर इंटरनेटच्या पानावर खाली गेलात तर ‘सेव्ह केलेली नेटवर्क’ अशी यादी आहे. तिथून ऑफिसचं किंवा गावाकडच्या घराचं नेटवर्क उघडूनही शेअर करता येतं, तिथे प्रत्यक्ष असायची गरज नाही. बाकी कंपन्यांच्या कित्येक मॉडेलवर मात्र शेअरचं बटण आत्ता जोडलेल्या नेटवर्कलाच दिसतं. अशा वेळी त्या जागी जाण्याला पर्याय नाही.

सॅमसंगवर सेटिंग्ज, कनेक्शन्स, वायफाय असं जा आणि नावापुढचं चक्र दाबा. पानाच्या तळाशी क्यूआर कोडचं किंवा शेअरचं बटण मिळतं. वन यूआय या सॅमसंगच्या प्रणालीच्या नव्या आवृत्त्यांमध्ये याच पानावर पासवर्डची ओळ आणि तिच्याशेजारी डोळ्याचं चिन्ह दिसतं. तसं दिसलं तर कोडच्या भानगडीत पडूच नका. डोळा दाबा, बोट टेकवा, वाचा.

शाओमी, रेडमी आणि पोकोवर वायफायच्या पानावर जोडलेल्या नेटवर्कच्या नावाखालीच ‘टॅप टू शेअर पासवर्ड’ असं लिहिलेलं असतं. नावावर टॅप केलं की कोड येतो. या फोनवर ही सोय अँड्रॉइड १० च्या आधीपासून आहे, त्यामुळे रेडमीचा जुना फोन ड्रॉवरमध्ये पडला असेल तर तो चार्जिंगला लावून बघायला हरकत नाही. ओप्पो, रिअलमी, वनप्लस आणि विवोवर नेटवर्कच्या नावावर किंवा उजवीकडच्या बाणावर टॅप करून आत गेलं की शेअरचा किंवा क्यूआर कोडचा पर्याय सापडतो. शब्द मॉडेलनुसार बदलतात, पण चार काळ्या चौकोनांचं चिन्ह सगळीकडे सारखंच असतं. तेच शोधा. मेनूत हरवलात तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘वायफाय’ टाइप करणं सगळ्यांत सोपं.

फोनला लॉकच नसेल तर काही फोन काहीही न विचारता सरळ कोड दाखवतात. म्हणजे दोन मिनिटं फोन ज्याच्या हातात गेला त्याच्याकडे तुमचं वायफायही गेलं.

कोड दिसतो, पासवर्ड दिसत नाही

सगळ्यांत जास्त लोक इथेच अडकतात. समोरच्याकडे फोन असेल तर प्रश्नच नाही: तो कॅमेऱ्याने कोड स्कॅन करेल आणि जोडला जाईल. पण टीव्हीला, प्रिंटरला किंवा सीसीटीव्हीच्या डब्याला कॅमेरा नसतो. तिथे अक्षरंच लागतात.

कोडचा स्क्रीनशॉट घ्या, तो गूगल फोटोजमध्ये उघडा आणि खालचं ‘लेन्स’ दाबा. लेन्स तो कोड ओळखून नेटवर्कचं नाव दाखवतं आणि जोडण्याबरोबरच पासवर्ड कॉपी करण्याचाही पर्याय देतं. कॉपी करून तो नोट्समध्ये किंवा स्वतःलाच पाठवायच्या मेसेजमध्ये पेस्ट केला की डोळ्यांसमोर येतो. स्क्रीनशॉट घेऊ दिला नाही तर दुसऱ्या फोनने त्या पडद्याचा फोटो काढा आणि त्या फोनवर लेन्स चालवा. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवा, फोन थोडा तिरका धरून चमक टाळा. स्क्रीनगार्डला तडा असेल तर तो कोडच्या कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनांवर येत नाही ना ते पाहा, कारण स्कॅनर सुरुवात तिथूनच करतो.

साधं स्कॅनर अ‍ॅप वापरलंत तर कधी कधी आतला मजकूर कच्चाच समोर येतो. तो वाचायला शिकून ठेवावा असा आहे. सुरुवातीला वायफाय हा शब्द कॅपिटल अक्षरांत, मग अपूर्णविराम, आणि पुढे अर्धविरामांनी तोडलेले तुकडे. टी अक्षराने सुरू होणाऱ्या तुकड्यात सुरक्षेचा प्रकार असतो, एसच्या तुकड्यात नेटवर्कचं नाव आणि पीच्या तुकड्यात पासवर्ड. म्हणजे कॅपिटल पी आणि अपूर्णविराम यांच्या पुढे जिथून मजकूर सुरू होतो तिथपासून पुढच्या अर्धविरामापर्यंत तुमचा पासवर्ड. तुकड्यांचा क्रम पुढे-मागे असू शकतो. यात एक खाच आहे. पासवर्डमध्येच अर्धविराम, स्वल्पविराम, अपूर्णविराम, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा उलटी तिरकी रेघ असेल तर कोडमध्ये त्या चिन्हाच्या आधी एक जादा उलटी तिरकी रेघ टाकलेली असते. ती पासवर्डचा भाग नाही, टाइप करताना वगळायची. ‘कोडमधून वाचलेला पासवर्ड चालत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी बऱ्याचदा ही एक रेघ असते.

घरात आयफोन असेल तर आणखी सोपा मार्ग आहे. आयफोनच्या कॅमेऱ्याने तो कोड स्कॅन करून नेटवर्कला जोडून घ्या आणि मग पासवर्ड आयफोनच्या सेटिंग्जमध्ये वाचा. तो कसा, ते पुढे आहे.

क्यूआर कोड वाचून देणाऱ्या वेबसाइटवर मात्र हा स्क्रीनशॉट चढवू नका. तुमच्या नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड असं दोन्ही एकत्र तुम्ही अनोळखी सर्व्हरच्या हातात देता, आणि तेही फोनवरच होणाऱ्या कामासाठी.

शेअरचं बटणच नाही

याची कारणं मोजकी आहेत आणि ती ओळखली तर उगाच शोधाशोध वाचते.

कॉलेज, बँक किंवा मोठ्या ऑफिसचं वायफाय युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही विचारतं. तिथे नेटवर्कला सामायिक पासवर्ड नसतोच, प्रत्येकाची ओळख वेगळी असते, म्हणून फोन शेअरचा पर्याय देत नाही. तुमचा तिथला पासवर्ड हा तुमच्या खात्याचा पासवर्ड आहे. तो विसरला असाल तर तिथल्या आयटी विभागाकडूनच बदलून घ्यावा लागेल.

रेल्वे स्टेशन, विमानतळ, मॉल इथलं नेटवर्क उघडं असतं. मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ मध्ये रेलटेलचं मोफत वायफाय सुरू झालं आणि मग ते देशभरच्या स्टेशनांवर पसरलं. तिथे मोबाइल नंबर टाकून ओटीपीने आत जायचं असतं. ते ब्राउझरच्या पानावरचं लॉगिन आहे, वायफायचा पासवर्ड नव्हे, त्यामुळे फोनमध्ये शोधायला काही साठवलेलंच नसतं. काही हॉटेलांत खोली क्रमांक आणि आडनाव विचारतात, तेही याच जातीचं.

तिसरं कारण, फोन कंपनीने दिलेला असणं. कंपनी अशा फोनवर शेअर करणं बंद करून ठेवू शकते. आणि एखाद्या अ‍ॅपने किंवा सिमकार्डच्या आधारे आपणहून जोडलेलं नेटवर्क असेल तर तेही वाटता येत नाही.

अँड्रॉइड ९ किंवा त्याआधीचा फोन

शाओमीसारखा निर्मात्याने स्वतः दिलेला पर्याय नसेल तर या फोनवर सरळ मार्ग नाही. पासवर्ड फोनच्या अंतर्गत फाइलमध्ये असतो, पण ती फाइल अँड्रॉइड कुठल्याही साध्या अ‍ॅपला उघडू देत नाही. फाइल मॅनेजरमध्ये ‘छुप्या फाइली दाखवा’ केलं तरी तो फोल्डर दिसणार नाही. ती उघडायला फोन रूट करावा लागतो, म्हणजे अँड्रॉइडवर पूर्ण ताबा मिळवावा लागतो. बहुतेक फोनवर त्यासाठी आधी बूटलोडर (फोन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अनलॉक करावा लागतो आणि त्या टप्प्यावर फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, वायफायच्या पासवर्डसकट. म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तेच गेलं. रूट नसलेल्या फोनसाठी हा मार्ग विसरा.

प्ले स्टोअरवर ‘वायफाय पासवर्ड दाखवा’ अशा नावांची रांग लागलेली असते. रूट नसेल तर त्यांना तुमच्या फोनमधला पासवर्ड वाचताच येत नाही, कारण वर सांगितलेली फाइल त्यांनाही बंदच असते. काही अ‍ॅप तुम्हीच पूर्वी त्यात टाकलेला पासवर्ड पुन्हा दाखवतात. काही अ‍ॅप इतर लोकांनी आपण होऊन दिलेल्या पासवर्डांची यादी दाखवतात, आणि मग तुमच्याकडूनही तुमचा मागतात. उरलेली जाहिराती दाखवतात. लोकेशन आणि स्टोरेजची परवानगी देऊन हाती काही लागत नाही.

अजून एक गैरसमज: गूगल पासवर्ड मॅनेजरमध्ये वायफायचा पासवर्ड सापडेल. सापडत नाही. तिथे वेबसाइट आणि अ‍ॅपचे पासवर्ड असतात. गूगलच्या बॅकअपमध्ये साठवलेली वायफाय नेटवर्क जातात हे खरं, पण ती खात्यात उघडून वाचता येत नाहीत. नवा फोन सुरू करताना बॅकअप परत आणला की त्या फोनवर येतात. हाच जुन्या फोनचा सुटकेचा दरवाजा आहे. घरात कुणी नवा अँड्रॉइड घेतला आणि जुन्याचा बॅकअप त्यावर उतरवला, की नव्या फोनवर शेअरचं बटण दाबून पासवर्ड वाचता येतो. डिस्प्ले फुटलेल्या फोनचा बॅकअप आधीपासून चालू असेल तर त्यालाही हाच मार्ग लागू.

आयफोन

सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या आयओएस १६ पासून काम अगदी सोपं झालं. सेटिंग्ज, वायफाय, जोडलेल्या नेटवर्कपुढे निळ्या गोलातलं आय अक्षर. आतल्या पानावर पासवर्डच्या ओळीत ठिपके असतात. त्यावर टॅप करा, फेस आयडी, टच आयडी किंवा पासकोड द्या, पासवर्ड उघडतो आणि कॉपीही होतो. जुन्या नेटवर्कसाठी वायफायच्या पानावर वर उजवीकडचं ‘एडिट’ दाबा, आजवर साठवलेल्या सगळ्या नेटवर्कची यादी उघडेल. या यादीत डावीकडचं लाल चिन्ह दाबू नका, ते पुसण्यासाठी आहे.

आयओएस १८ मध्ये ‘पासवर्ड्स’ नावाचं वेगळं अ‍ॅप आलं. त्यात वायफायचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथून क्यूआर कोडही दाखवता येतो. पाहुणे अँड्रॉइडवाले असतील तर हा कोड कामाला येतो.

आयफोन ७ आणि त्याआधीचे फोन आयओएस १५ च्या पुढे गेले नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर पासवर्ड दिसत नाही. त्यावरून दुसऱ्या आयफोनला मात्र तो देता येतो. दोन्ही फोन जवळ ठेवा, दोन्हींवर वायफाय आणि ब्लूटूथ चालू, पर्सनल हॉटस्पॉट बंद. एकमेकांचा अ‍ॅपल खात्याचा ईमेल एकमेकांच्या कॉन्टॅक्टमध्ये असायला हवा. लोक नेमकं हेच विसरतात आणि मग पाटी येत नाही म्हणून वैतागतात. नव्या फोनवर नेटवर्कचं नाव निवडा, जुन्यावर ‘पासवर्ड शेअर करा’ अशी पाटी येईल. मग नव्या फोनवर वर सांगितल्याप्रमाणे वाचा.

लॅपटॉप असेल तर फोनशी झुंजू नका

विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीवर सेटिंग्ज, नेटवर्क आणि इंटरनेट, वायफाय, मग नेटवर्कच्या प्रॉपर्टीज. तिथे ‘व्ह्यू वायफाय सिक्युरिटी की’ असं आहे. विंडोज १० वर कंट्रोल पॅनेलमधून ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’ उघडा, वायफायच्या नावावर क्लिक करा, ‘वायरलेस प्रॉपर्टीज’, मग ‘सिक्युरिटी’ टॅब, आणि ‘शो कॅरेक्टर्स’वर खूण करा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते नसले तर इथेच गाडं अडेल. मॅकवर व्हेंचुरा या आवृत्तीपासून सिस्टम सेटिंग्जमध्ये वायफाय उघडून नेटवर्कपुढच्या तीन टिंबांत ‘कॉपी पासवर्ड’ मिळतो.

राउटरच्या पोटातलं लेबल

आता राउटर उलटा करा. लेबलवर इतकं काही बारीक छापलेलं असतं की भिंगच लागतं. फोनने फोटो काढून मोठा करून वाचणं बरं. त्यावर किमान चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

एसएसआयडी म्हणजे नेटवर्कचं नाव. दोन असतील तर एक २.४ गिगाहर्ट्झचं, दुसरं ५ गिगाहर्ट्झचं. त्याच्या जवळ ‘वायरलेस पासवर्ड’, ‘वायफाय की’ किंवा ‘डब्ल्यूपीए की’ असं लिहिलेलं असतं, तो कारखान्यातून आलेला वायफायचा पासवर्ड. ‘युजरनेम’ आणि ‘पासवर्ड’ अशी जोडी वेगळी छापलेली असेल तर ती राउटरच्या सेटिंग्जच्या पानात शिरण्यासाठी आहे, वायफायसाठी नव्हे. आणि डब्ल्यूपीएस पिन (पासवर्डऐवजी उपकरण जोडण्यासाठीचा) हा आठ आकडी नंबर. तो हुबेहूब पासवर्डसारखा दिसतो. काही राउटरवर हा पिन आणि मूळ वायफाय पासवर्ड एकच असतात, बऱ्याच राउटरवर नसतात. सिरीयल नंबर आणि मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) टाइप करून बघणारेही आहेत.

लेबलवरचा पासवर्ड चालेल का, हे नेटवर्कच्या नावावरून कळतं. फोनमध्ये दिसणारं नाव लेबलवरच्या नावाशी तंतोतंत जुळत असेल तर पासवर्डही मूळचाच असण्याची शक्यता मोठी. नाव ‘पाटील सदन’ असं झालेलं असेल तर बसवणाऱ्याने तेव्हाच पासवर्डही बदललेला असणार. आपल्याकडे केबलवाला किंवा फायबर बसवणारा मुलगा बहुधा घरमालकाचा मोबाइल नंबर किंवा नाव आणि पुढे एक-दोन-तीन असा पासवर्ड ठेवून जातो. कनेक्शन ज्यांच्या नावावर आहे त्यांचा तेव्हाचा नंबर टाकून बघायला अर्धा मिनिट लागतो. (तो चालला, तर शेजाऱ्यांनाही चालत असेल.)

लेबलनेही काम झालं नाही तर राउटरच्या सेटिंग्जच्या पानात शिरा. त्याचा पत्ता अंदाजाने टाकू नका. आयफोनवर वायफायच्या आतल्या पानावर ‘राउटर’ या ओळीत आणि अँड्रॉइडवर नेटवर्कच्या तपशिलात ‘गेटवे’ या ओळीत तो लिहिलेला असतो. जिओफायबरला तो १९२.१६८.२९.१ असतो, बाकी अनेकांना १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. हे आकडे ब्राउझरच्या वरच्या पट्टीत इंग्रजी अंकांत टाका. ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणाला तर घाबरू नका. घरच्या राउटरकडे प्रमाणपत्र नसतं, पुढे जा. जोडलेला फोन एकही नसेल तर लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा, वायफायच्या पासवर्डशिवाय हेच पान उघडेल. मोबाइल डेटा चालू असताना फोन कधी कधी हे पान डेटावरून शोधायला जातो आणि ‘पान सापडत नाही’ म्हणतो. डेटा तेवढ्यापुरता बंद करा.

आत गेल्यावर ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूएलएएन’, त्यात ‘सिक्युरिटी’. पासवर्ड उघडा असतो नाहीतर डोळ्याच्या चिन्हामागे. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही बँड वेगळे असतील तर दोन्हीकडे बघा, पासवर्ड वेगवेगळे निघू शकतात.

जिओफायबर आणि एअरटेल यांच्या ग्राहकांना मायजिओ आणि एअरटेल थँक्स या अ‍ॅपमधून वायफायचा पासवर्ड बदलता येतो. राउटरच्या पानात शिरायचं नसेल तर हाच रस्ता धरा. नोंदणीकृत मोबाइल नंबर मात्र हाताशी हवा.

पासवर्ड सापडला, तरी दुसरं उपकरण जोडलं जात नाही

आधी उपकरण नेमकं काय म्हणतंय ते वाचा. ‘पासवर्ड चुकीचा’ किंवा ‘ऑथेंटिकेशन एरर’ म्हणत असेल तरच पासवर्डकडे बघा. ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ इथे अडकलं असेल तर पासवर्ड बरोबर आहे, कारण पासवर्ड तपासून झाल्याशिवाय गाडी त्या टप्प्याला पोचतच नाही. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. ‘जोडलं आहे, इंटरनेट नाही’ हे तर राउटरच्या पलीकडचं दुखणं. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल असेल तर फायबरची तार तुटलीय किंवा वाकलीय, पासवर्ड बदलून काही होणार नाही.

पासवर्डच चुकत असेल तर बहुधा अक्षरांचा घोळ असतो. शून्य आणि कॅपिटल ओ. एक, स्मॉल एल आणि कॅपिटल आय. पाच आणि एस. क्यूआर कोडखालची अक्षरं बघून टाइप करण्यापेक्षा कॉपी करून नोट्समध्ये मोठ्या अक्षरांत बघा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला पासवर्ड कॉपी केला तर शेवटी एक रिकामी जागा चिकटून येऊ शकते, आणि वायफायच्या हिशेबी रिकामी जागा हेही एक अक्षरच. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करतो, तेही तपासा. टीव्हीच्या रिमोटने टाइप करताना मोठ्या-लहान अक्षरांचं बटण कोणत्या अवस्थेत आहे ते बघणं तर आलंच. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या नेहमीच्या सुरक्षाप्रकाराचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा आणि इंग्रजी कीबोर्डवरच्या चिन्हांचाच असतो. म्हणून सात अक्षरांपर्यंत ‘कनेक्ट’चं बटण उजळतच नाही, आणि देवनागरीत पासवर्ड ठेवण्याच्या फंदात पडू नये.

पासवर्ड अक्षर न् अक्षर बरोबर, तरीही नकार? मग राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकारावर ठेवलेली आहे का बघा. डब्ल्यूपीए३ अँड्रॉइडला आवृत्ती १० पासून येतं, आयफोनला आयओएस १३ पासून. जुना फोन, प्रिंटर, जुना टीव्ही यांना ते कळत नाही. राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असा मिश्र प्रकार निवडा. स्मार्ट बल्ब, प्लग आणि पुष्कळसे सीसीटीव्ही कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यांना ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसणारच नाही, आणि दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असेल तर सेटिंग करताना ते अडखळतात. तेवढ्या वेळापुरता ५ गिगाहर्ट्झ बंद करून ते जोडून घ्यावेत, मग परत चालू करावा.

राउटरमध्ये मॅक फिल्टर (यादीतल्या मॅक पत्त्यांनाच प्रवेश देणारी सोय) लावलेला असेल तर योग्य पासवर्ड असूनही दार बंद राहतं. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला स्वतःचा खरा मॅक पत्ता न देता बनवलेला पत्ता देतात. यादीत खरा पत्ता नोंदवला असेल तर फोन ओळखला जात नाही. नेटवर्कच्या तपशिलात ‘प्रायव्हसी’ किंवा ‘प्रायव्हेट वायफाय अ‍ॅड्रेस’मध्ये जाऊन घरच्या नेटवर्कपुरता खरा पत्ता निवडा.

टाचणी

यातलं काहीच जमलं नाही तर रीसेट. चालू राउटरवर भोकातलं बटण साधारण दहा सेकंद दाबून धरलं की दिवे एकदम विझून पुन्हा लागतात आणि राउटर कारखान्यातून आला तसा होतो. त्यानंतर लेबलवरचं नाव आणि लेबलवरचा पासवर्ड चालतो.

पण फायबरचा डबा असेल तर हे करण्याआधी सेवा देणाऱ्याला फोन करा. त्या डब्यात तुमच्या कनेक्शनचा युजर आयडी, पासवर्ड आणि व्हीलॅनचा क्रमांक (सेवा देणाऱ्याने जोडणीसाठी ठरवलेला) भरलेला असू शकतो. रीसेटने तोही जातो. वायफाय येतं, इंटरनेट येत नाही, आणि शनिवारी संध्याकाळी हे केलंत तर सोमवारपर्यंत माणसाची वाट बघत बसावं लागतं. बीएसएनएलच्या फायबरवर स्थानिक भागीदाराने डबा बसवलेला असतो. हे तपशील त्याच्याकडेच मिळतात. फायबरचा डबा वेगळा आणि त्याला जोडलेला तुमचा स्वतःचा राउटर वेगळा असेल तर रीसेट फक्त राउटर करा, डबा नाही. तरीही राउटरच्या ‘वॅन’च्या (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानाचा फोटो आधी काढून ठेवा. तिथे ‘पीपीपीओई’ (युजर आयडी-पासवर्डने होणारी जोडणी) लिहिलेलं असेल तर युजर आयडी दिसेल. त्याचा पासवर्ड सेवा देणाऱ्याकडून मागून हाताशी ठेवा आणि मगच टाचणी उचला.

रीसेट झाल्यावर किंवा नवा राउटर आणल्यावर जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड माहीत असेल तर तोच जसाच्या तसा ठेवा, मोठी-लहान अक्षरंसुद्धा, आणि सुरक्षेचा प्रकारही तोच. घरातले फोन, टीव्ही, कॅमेरे, प्रिंटर सगळे काही न विचारता जोडले जातील. नाव एका अक्षराने बदललं तरी त्यांच्या दृष्टीने ते नवं नेटवर्क. पासवर्ड बदलायचाच असेल तर मुख्य नेटवर्कचा बदलण्याआधी राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ आहे का बघा. पाहुण्यांना तिथला वेगळा पासवर्ड द्या. तो दर दिवाळीला बदलला तरी भिंतीवरच्या कॅमेऱ्यासाठी शिडी लावावी लागत नाही.